विमानात नाडी का काचते?

मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जाणारं विमान सुमारे सोळा तास हवेत असतं. लेकीच्या बाळंतपणासाठी किंवा मुलाकडे चार-सहा महिने राहायला निघालेल्या आई-बाबांसाठी इतका वेळ एका खुर्चीत बसण्याचा हा बहुधा पहिलाच प्रसंग. निघताना अंगावरचे कपडे अगदी व्यवस्थित असतात. मापाचे, धुऊन मऊ झालेले, सवयीचे. मग जेवणाचे ट्रे उचलले जातात, दिवे मंद होतात आणि एकेक तक्रार सुरू होते. सलवारीची नाडी काचते. पँटचं वरचं बटण नकोसं होतं. पांघरूण घेतलं तरी पाय गारच राहतात. आणि उतरायच्या वेळी, रात्री काढून ठेवलेले बूट पायात जाता जात नाहीत.

कपडे तेच, माणूस तोच. मग मधल्या काही तासांत बदललं काय?

बदललेलं असतं शरीर. कंबरेचा घेर वाढलेला असतो, पावलं फुगलेली असतात, शरीरात तयार होणारी उष्णता कमी झालेली असते आणि त्वचा कोरडी पडलेली असते. ‘आरामदायक कपडे घाला’ असं सगळेच सांगतात, आणि आरामदायक म्हणजे मऊ असा आपण त्याचा अर्थ लावतो. पण मऊसूत कापडाचा कपडासुद्धा सहा तासांनी काचू शकतो. विमानासाठी कपडा निवडताना मऊपणाच्याही आधी एक प्रश्न विचारावा असं मला वाटतं: बसल्या जागी, शेजाऱ्याला न उठवता, हा कपडा सैल किंवा घट्ट करता येईल का?

कळसूबाईपेक्षा उंचावरची खुर्ची

लांब पल्ल्याचं विमान साधारण ३५ ते ४० हजार फुटांवरून उडतं. तिथली हवा इतकी विरळ असते की माणूस मिनिटभरातच बेशुद्ध पडेल. म्हणून विमानात हवा दाबून भरतात. मात्र आतला दाब मुंबईच्या समुद्रकिनाऱ्याइतका ठेवत नाहीत. तेवढा ठेवायचा तर विमानाच्या अंगावर आतून येणारा ताण फार वाढेल आणि तो सोसायला विमान जास्त जड बनवावं लागेल. त्यामुळे तडजोड केली जाते. नियमानुसार नेहमीच्या उड्डाणात आतली हवा ८,००० फुटांवरच्या हवेपेक्षा विरळ होऊ द्यायची नसते. बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५० यांसारख्या नव्या विमानांत ती ६,००० फुटांच्या आसपासची ठेवता येते. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५,४०० फूट उंच आहे. मुंबईहून निघालेला प्रवासी अर्ध्या-पाऊण तासात, खुर्चीतून न उठता, हवेच्या दृष्टीनं कळसूबाईच्याही वर पोहोचलेला असतो.

बाहेरचा दाब कमी झाला की बंदिस्त वायू फुगतो. बॅगेतलं चिवड्याचं हवाबंद पाकीट बाहेर काढून पाहिलं की हे डोळ्यांना दिसतं. घरी सुरकुतलेलं पाकीट विमानात टम्म झालेलं असतं. ६,००० फुटांच्या हवेत वायूचं आकारमान सुमारे सव्वापट होतं आणि ८,००० फुटांच्या हवेत जवळपास एक तृतीयांशानं वाढतं. आपल्या आतड्यांतही नेहमीच थोडाफार वायू असतो आणि त्यालाही हाच नियम लागू पडतो. त्यावर राजमा, छोले किंवा सोडा घातलेलं पेय घेतलं तर पोट आणखी तटतटतं.

यात दुसरी एक गोष्ट मिसळते, आणि ती आपण दुकानात कधीच लक्षात घेत नाही. शिंपी माप घेतो ते आपल्याला उभं करून. तयार कपडा आपण घालून पाहतो तोही आरशासमोर उभं राहून. बसल्यावर मात्र पोट पुढे येतं, कंबरेचा घेर वाढतो, पँट मागून खाली ओढली जाते, पुढून जांघेत रुतते आणि गुडघ्यावर ताणली जाते. म्हणजे उभ्यानं बेताची बसणारी पँट बसल्या क्षणीच थोडी लहान झालेली असते. पोटातला वायू त्यात भर घालतो.

आता नाडीकडे जरा जवळून पाहू. नाडी बारीक असते आणि पोटाचा सगळा ताण त्या बारीक रेघेवर येतो. तेवढाच ताण दोन-अडीच इंच रुंद पट्ट्यावर पसरला तर त्वचेवरचा दाब कितीतरी कमी होतो. म्हणूनच रुंद पट्ट्याचा परकर किंवा सलवार तासन्‌तास सुसह्य वाटते आणि बारीक नाडीचा लालभडक वळ उठतो. इलास्टिकचंही तसंच आहे. अर्ध्या इंचाचं कडक इलास्टिक पोट फुगेल तसं अधिकच जोरानं आवळतं, कारण ताणलं की ओढ वाढणं हा त्याचा गुणधर्मच आहे. रुंद, सैलसर इलास्टिक चालतं. पण नाडीजवळ एक गुण आहे जो इलास्टिककडे नाही: ती हातानं हवी तेवढी सोडता येते. अट एकच, सुरगाठ मारलेली असावी. बसल्या बसल्या ताणाखाली निरगाठ पडली, तर विमानाच्या त्या चिंचोळ्या स्वच्छतागृहात, हलत्या जमिनीवर उभं राहून नखांनी ती सोडवत बसण्यासारखी दुसरी शिक्षा नाही.

पुरुषांनी पट्टा सुरक्षा तपासणीत काढावा आणि प्रवासभर बॅगेतच ठेवावा. जाड डेनिमच्या जीन्सपेक्षा ट्रॅक पँट किंवा साधा लेंगा उजवा. मागच्या खिशातलं पैशांचं पाकीटही काढून ठेवावं. त्यावर तासन्‌तास बसलं की एक बाजू उचललेली राहते आणि नितंबातून पायात उतरणाऱ्या नसेवर दाब येऊन मुंग्या येतात.

पोटरीचा हापसा थांबतो तेव्हा

पाय का सुजतात हा या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, म्हणून तिथे जरा थांबू.

हृदय रक्त पायांपर्यंत ढकलतं, पण पायांतून ते परत वर आणायचं म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध चढवायचं. हे काम पोटरी करते, आणि ते गावातल्या हापशासारखं चालतं. हापशात दांडा खाली-वर होतो तसं पाणी वर सरकतं आणि आतली झडप ते परत खाली जाऊ देत नाही. चालताना पोटरीचा स्नायू आवळतो, आतल्या खोल शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर जातं. शिरांमधल्या छोट्या झडपा मिटतात, म्हणून ते खाली उतरत नाही. पाऊल उचललं की पुन्हा तेच. खुर्चीत निश्चल बसलो की दांडा थांबतो. रक्त पायांच्या शिरांत साचतं, तिथला दाब वाढतो आणि रक्तातला पाणीदार भाग बारीक केशवाहिन्यांच्या भिंतींतून बाहेर, आजूबाजूच्या मांसात झिरपतो. हीच सूज. मोजा काढल्यावर घोट्याच्या वर त्याच्या विणीची नक्षी उमटलेली दिसते, आणि नडगीवर अंगठा काही सेकंद दाबून धरला तर तिथे खळगा राहतो.

याला विमानाची उंची फारशी जबाबदार नाही. एसटीच्या रातराणीत रात्रभर पाय लोंबकळत ठेवून बसलं तरी सकाळी चपला घट्ट होतात. बसणं हेच मूळ कारण आहे, आणि याचा जुना, गंभीर पुरावा विमानाबाहेरचा आहे. १९४० मध्ये लंडनवर जर्मन बॉम्बफेक सुरू असताना हजारो लोक रात्रीच्या रात्री निवाऱ्यांत घालवत. अनेक जण कापडी घडीच्या खुर्च्यांत बसून झोपत. तिथे काही माणसं एकाएकी दगावू लागली. कीथ सिम्प्सन या न्यायवैद्यक तज्ज्ञानं त्या मृत्यूंचा अभ्यास ‘लॅन्सेट’ नियतकालिकात मांडला. पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात अडकत होती. खुर्चीची पुढची लाकडी कड मांडीच्या मागच्या बाजूला रुतत होती, तिथून रक्ताचा परतीचा प्रवाह अडत होता. खुर्च्यांऐवजी आडवं होण्याजोगी बाकं हा त्यावरचा उपाय होता.

विमानात हा धोका किती, याचंही उत्तर आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, चार तासांहून अधिक वेळ बसून केलेल्या प्रवासानंतर शिरेत गुठळी होण्याची शक्यता सुमारे दुप्पट होते. विमान, रेल्वे, बस, मोटार, सगळ्यांत हे लागू. पण निरोगी माणसांत मुळातली शक्यताच इतकी कमी आहे की दुप्पट होऊनही ती सुमारे सहा हजारांत एक एवढीच राहते. घाबरून जाण्याजोगं काही नाही. मात्र ज्यांना आधी गुठळी झाली आहे, नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झाली आहे, कर्करोगाचे उपचार चालू आहेत, ज्या गरोदर आहेत किंवा इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या घेतात, त्यांनी तिकीट काढतानाच डॉक्टरांशी बोलावं.

आता कपड्यांकडे. विमानात अंगावर जे काही असतं त्यात सर्वांत महत्त्वाचं वस्त्र कोणतं असं मला कुणी विचारलं, तर मी पायमोजे म्हणेन. कॉम्प्रेशन स्टॉकिंग नावाचे गुडघ्याखालपर्यंतचे मोजे मिळतात. त्यांची वीण अशी असते की घोट्यापाशी दाब सर्वांत जास्त आणि गुडघ्याकडे जाताना हळूहळू कमी होत जातो. बाहेरून असा दाब आला की शिरा कमी फुगतात, रक्त एका जागी साचत नाही आणि झिरपणारं पाणीही कमी होतं. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात पाहिलेल्या २,६३७ प्रवाशांपैकी ५० जणांच्या पायांत लक्षणं नसलेल्या गुठळ्या सापडल्या. त्या पन्नासांतले ४७ जण असे मोजे न घातलेले होते आणि घातलेले फक्त तीन. पायांची सूजही मोजे घालणाऱ्यांत कमी होती.

हे मोजे साध्या कापडाच्या दुकानात नव्हे, तर औषधांच्या किंवा सर्जिकल वस्तूंच्या दुकानात घोट्याचं आणि पोटरीचं माप देऊन घ्यावेत. सूज येण्याआधी, म्हणजे घरून निघतानाच चढवावेत. वरची कड गुंडाळू नये, कारण गुंडाळलेली कड म्हणजे पोटरीभोवती आवळलेली दोरी. नेमकी हीच चूक साध्या मोज्यांतही असते. खाली सैल आणि वर कडक इलास्टिक, असे मोजे रक्त परतीच्या वाटेवरच अडवतात. ज्यांच्या पायांत रक्ताचा पुरवठाच कमी आहे, किंवा मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे, त्यांनी कॉम्प्रेशनचे मोजे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नयेत.

चुडीदारही याच हिशेबात पाहावी लागते. पोटरीला चिकटलेल्या चुडीदारीच्या चुण्या घोट्यापाशी गोळा होतात, आणि पाय सुजला की त्या चुण्यांची कडी होते. सैल सलवार किंवा सरळ पँट चांगली. लेगिंग चिकटते खरी, पण तिचा दाब मोज्यासारखा खालून वर कमी होत जाणारा नसतो. त्यामुळे घट्ट लेगिंग घातली म्हणजे मोज्यांचं काम झालं, असं समजू नये.

बूट अर्ध्या मापानं सैल असलेले, आणि लेस किंवा वेल्क्रोनं मोकळे करता येतील असे हवेत. कोल्हापुरी चपलेवर माझंही प्रेम आहे, पण तिचा पट्टा वाढत नाही आणि मोज्यांवर ती जमत नाही. ती बॅगेत जाऊ द्यावी. आणि कपडे कितीही योग्य असले तरी पोटरीच्या हापशाचा दांडा हलवावाच लागतो. दर तासाला टाचा जमिनीवर टेकवून चवडे वर, मग चवडे टेकवून टाचा वर, असं वीस-पंचवीस वेळा करावं आणि जमेल तेव्हा मधल्या वाटेतून फेरी मारावी.

दोन्ही पायांना सारखी आलेली सूज मुक्कामी पोहोचून पाय उंचावर ठेवले की एक-दोन दिवसांत उतरते. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, गरम किंवा लालसर झाली, किंवा श्वास लागला, छातीत दुखलं, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. अशा वेळी जेटलॅग म्हणून झोपून राहू नये.

तापमान तेच, मग थंडी का वाजते?

विमानात तापमान बहुधा २२ ते २४ अंश सेल्सिअस असतं. घरी एवढ्या तापमानाला कुणी थंडी म्हणणार नाही, तरी प्रवासी कुडकुडतात. त्याचं एक कारण आपल्या आत आहे. बसून गप्पा मारणारं शरीर जेवढी उष्णता निर्माण करतं त्यापेक्षा झोपलेलं शरीर सुमारे तीस टक्के कमी करतं. म्हणजे जेवताना पुरेसा वाटणारा कुडता झोपल्यावर अपुरा पडतो. हवा गार झालेली नसते, आपली शेगडी मंदावलेली असते. दुसरं कारण हवेच्या वाटेत आहे. ताजी हवा छतातून येते आणि पायांशी, दोन्ही बाजूंच्या भिंतींच्या तळाशी बाहेर काढली जाते. म्हणून खिडकीशेजारच्या प्रवाशाचे पाय जास्त गारठतात. दारांजवळच्या ओळींतही गारवा जाणवतो.

कपड्याची ऊब मोजायलाही एकक आहे. १९४१ मध्ये अमेरिकेत तीन शास्त्रज्ञांनी ‘क्लो’ हे एकक सुचवलं. २१ अंशांच्या खोलीत शांत बसलेल्या माणसाला ना गरम ना गार वाटेल इतकी ऊब म्हणजे एक क्लो. साधारण पूर्ण सूट घातल्याएवढी. पातळ सुती शर्ट आणि पँट मिळून याच्या निम्म्याच्या आसपास येतात. ही ऊब मुळात धाग्यांची नसते, धाग्यांमध्ये आणि कपड्यांच्या थरांमध्ये अडकलेल्या स्थिर हवेची असते, कारण स्थिर हवा उष्णता फार हळू वाहू देते. म्हणून एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ थर बरे. मध्ये हवेचा आणखी एक थर मिळतो आणि शिवाय एक काढून ठेवता येतो. मुंबईच्या मे महिन्यात, धावपट्टीकडे जाण्याआधी खोळंबलेल्या विमानात घाम फुटलेला असतो आणि तीन तासांनी तोच माणूस गारठलेला असतो. ज्याला चेन किंवा पुढून बटणं आहेत असा थर हवा. डोक्यावरून ओढायचा स्वेटर मधल्या खुर्चीत बसून काढताना शेजाऱ्याच्या डोळ्यांत कोपर जातं.

या कामाला शालीइतकं गुणी वस्त्र मला दुसरं माहीत नाही. पांघरूण, उशी, मानेभोवतीचा मफलर, झोताला आडोसा, सगळं एकाच कापडात. आपल्याकडे सत्कारांत मिळालेल्या शाली कपाटात पडून असतात. त्यांतल्या जरीच्या काठाच्या, टोचणाऱ्या तिथेच राहू द्याव्यात आणि एखादी मऊ लोकरीची बाहेर काढावी.

पाय उबदार ठेवण्याचा झोपेशीही थेट संबंध आहे. झोप लागताना शरीर आतलं तापमान थोडं खाली आणतं, आणि त्यासाठी हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंदावून उष्णता बाहेर टाकतं. पाय गार असले की त्या वाहिन्या आकसलेल्या असतात आणि ही क्रिया रेंगाळते. स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथल्या संशोधकांनी १९९९ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं की हातापायांच्या वाहिन्या जितक्या रुंदावलेल्या, तितकी झोप लवकर लागते. तेव्हा रात्री मोजे काढून बसू नये.

वाळवंटी हवा आणि कापडाचा धागा

बाहेर उणे ५० अंशांच्या आसपासची थंडी असते आणि इतकी थंड हवा जवळपास पाणी धरूच शकत नाही. तीच हवा आत घेऊन तापवतात. त्यामुळे विमानात आर्द्रता साधारण १० ते २० टक्के एवढीच राहते, आणि तीही बरीचशी प्रवाशांच्या श्वासांतून आलेली असते. मुंबईत पावसाळ्यात ती ८०-९० टक्के असते. या कोरडेपणामुळे अंगातलं पाणी आटून जातं अशी भीती दाखवली जाते, ती खरी नाही. जादा जाणारं पाणी फार नसतं. कोरडे पडतात ते डोळे, नाक, ओठ आणि त्वचा. म्हणून कॉन्टॅक्ट लेन्स काढून चष्मा लावावा, आणि अंगाला घासणारा, खरखरीत कपडा टाळावा. कोरड्या त्वचेला शिवणीचीही टोचणी लागते.

कापडाचा फरक इथे कळतो. नेहमीच्या हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा आत धरून ठेवतो, लोकर सोळा टक्क्यांच्या आसपास, आणि पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. या ओलाव्यामुळे कापडावर घर्षणानं तयार झालेला विद्युतभार निघून जाऊ शकतो. पॉलिएस्टरमध्ये ओलावाच नसल्यामुळे तो साचतो. सिंथेटिक साडी पायाला चिकटते, उठताना चटचट आवाज येतो. मुंबईत ओल्या हवेत हे फारसं जाणवत नाही, विमानात जाणवतं. घामाचा वासही पॉलिएस्टरला जास्त धरतो, आणि सोळा तास शेजारी कुणीतरी बसलेलं असतं.

सुतातही एक उणीव आहे. ते पाणी भरपूर पितं आणि सावकाश सोडतं. विमानतळावर बॅगा ओढताना बनियन घामानं भिजली आणि तशीच अंगावर राहिली, तर विमानाच्या कोरड्या हवेत ती वाळताना अंगातली उष्णता ओढून घेते. पाठीत भरणारी थंडी बऱ्याचदा या ओल्या बनियनची असते. हातातल्या बॅगेत एक कोरडी बनियन ठेवावी आणि विमानात चढण्याआधी बदलावी. उपाय साधा आहे, पण गुण लगेच येतो.

विणीकडेही बघावं. मागावरचं कापड उभ्या-आडव्या ताठ धाग्यांचं असतं, ते फारसं ताणत नाही. बनियनच्या कापडाला आपण होजिअरी म्हणतो, ते एकात एक अडकवलेल्या फासांचं असतं, म्हणून गुडघ्याला आणि खांद्याला वळेल तसं वळतं. विमानासाठी सुती होजिअरीची पँट आणि वर सैल कुडता किंवा टी-शर्ट ही जोडी मला सर्वांत पसंत आहे. लेबलवर ९५ टक्के कॉटन आणि ५ टक्के इलास्टेन असं लिहिलेलं असलं तरी हरकत नाही. तेवढ्या लवचीक धाग्यानं कपडा बसून फुगलेल्या गुडघ्यांतून पुन्हा आकारात येतो.

साडी नेसायची की नाही?

प्रत्येक घरात निघण्याच्या आदल्या आठवड्यात हा वाद होतो. परदेशातली लेक फोनवर सांगते, “आई, प्लीज पंजाबी ड्रेस घाल,” आणि आई म्हणते, “मला त्यात अवघडल्यासारखं होतं गं.” मला यात आईची बाजू अर्धी पटते. चाळीस वर्षं साडीत वावरलेल्या बाईला, पहिल्यांदाच अंगात घातलेला ड्रेस सोळा तास सुखाचा होईल हे गृहीत धरू नये. साडीच्या निऱ्या आणि पदर सैलावता येतात, पदराचं पांघरूण होतं.

अडचण साडीच्या आत आहे. फिशकट परकर गुडघ्यापाशी अरुंद असतो. त्यात पाय हलवता येत नाहीत आणि खुर्चीच्या ओळीतून बाहेर पडताना पाऊल अडतं. हल्ली मिळणारा साडी शेपवेअर तर पोट, मांड्या, सगळंच आवळतो. लग्नात तीन तास ठीक, विमानात नको. घेरदार सुती परकर, रुंद पट्टा, सुरगाठ. मऊ सुती साडी, घोट्याच्या जरा वर नेसलेली. पिना कमीत कमी. ब्लाऊज बगलेत सैल. एवढं केलं तर साडीतही प्रवास नीट होतो. घोट्याच्या वर अशासाठी की स्वच्छतागृहाची जमीन बहुधा ओली असते. ज्यांना ड्रेसची सवय आहे त्यांनी मात्र केवळ विमान आहे म्हणून साडी नेसू नये. आणि जिला बदल करून पाहायचा आहे तिनं तो आधी महिनाभर घरी वापरावा.

चौकट: घरी करून पाहायची चाचणी

प्रवासाचे सगळे कपडे, मोजे आणि बूट घालून एका संध्याकाळी जेवल्यावर दोन तास खुर्चीत बसा. सोफ्यावर नको, आणि मांडी घालूनही नको.
• बसल्या जागी नाडी किंवा बटण एका हातानं सैल होतं का?
• वरचा थर कोपर न उचलता काढता येतो का?
• उठल्यावर कंबरेला, जांघेत, पोटरीवर, ब्राच्या तारेखाली वळ उठले आहेत का? जिथे दोन तासांत वळ उठतो तिथे सोळा तासांत जखम होऊ शकते.
• कपड्यांना किमान एक खोल, बंद होणारा खिसा आहे का?

उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी

शेवटचा विचार आरामाचा नाही, पण कपडे निवडताना तो करायलाच हवा. आपत्तीच्या वेळी विमान नव्वद सेकंदांत रिकामं करता येईल अशी रचना असावी लागते. बाहेर पडायचं ते फुगवलेल्या घसरगुंडीवरून. तिथे उंच टाचा काढायला लावतात, कारण त्या घसरगुंडीला भोकं पाडू शकतात. खाली पोहोचल्यावर काच, पत्रा, इंधन, काहीही असू शकतं. म्हणून उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी पायांत बंद, सपाट बूट असावेत; मधल्या वेळात हवे तर सैल करावेत.

कापडाच्या निवडीतही हे थोडं धरावं. पॉलिएस्टर सुमारे अडीचशे अंशांवर वितळतं आणि वितळलेलं कापड त्वचेला चिकटतं. सुती कापड जळतं पण वितळत नाही, आणि लोकर सहजी पेट घेत नाही. कॉम्प्रेशन मोजे बहुधा नायलॉनचे असतात हे खरं, पण आग ही अतिशय दुर्मीळ आणि पायांची सूज रोजची. मोजे घालावेतच, वर लांब सुती पँट असू द्यावी.

खिशाचं महत्त्व २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर दिसलं. उतरताना जपान एअरलाइन्सचं विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटलं. त्यातले सगळे ३७९ जण वाचले, आणि त्याचं एक कारण म्हणजे डोक्यावरच्या कप्प्यातल्या बॅगा तिथेच सोडल्या गेल्या. अशा वेळी आपल्याजवळ उरतं ते अंगावरचं आणि खिशातलं. स्त्रियांच्या कपड्यांना अजूनही खिसे नसतात याचा मला मनापासून राग येतो. शिंप्याकडून कुडत्याच्या बाजूच्या शिवणीत चेनचा खिसा लावून घ्यायला फार पैसे पडत नाहीत. साडी असेल तर परकराला आतून एक खिसा शिवावा. त्यात पासपोर्ट, औषधांची चिठ्ठी आणि जिथे जायचं तिथला फोन नंबर लिहिलेला कागद ठेवावा, आणि विमान खाली उतरायला लागलं की चष्माही डोळ्यांवर असावा.